कोजागिरीला सगळं घर घेऊन जंगलात: केबिन कुठली घ्यावी? (न्यू जर्सीहून ३-४ तासांत)

ताकभात
राम राम मंडळी. सासू-सासरे कराडहून आलेत, नोव्हेंबरअखेर परत जातील. आजवर त्यांना काय दाखवलं, तर मॉल, मंदिर, नायगारा आणि पुन्हा मॉल. परवा बाबा म्हणाले, "इथली झाडं गाडीच्या काचेतूनच बघायची असतात का?" तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

यंदा अधिक महिन्यामुळे कोजागिरी ऑक्टोबरच्या अखेरीस आली आहे. त्या वीकेंडला एडिसनहून तीन-चार तासांवर जंगलात केबिन घ्यावी, शेकोटी करावी, मसाला दूध आटवावं असा बेत आहे. माणसं सहा. आम्ही दोघं, लेक ९ वर्षांची, धाकटा ५ चा आणि आई-बाबा. आईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा रांगेत आहे. बाबांना रात्री तीनदा उठावं लागतं. नवऱ्याला तंबू हवाय, पण त्याला विचारतंय कोण.

शोधायला बसले तर प्रत्येक खोपटाला केबिनच म्हणतात. साठ डॉलरची तीही केबिन आणि चारशेची तीही केबिन. फोटोत सगळ्यांच्याच बाहेर एक आरामखुर्ची आणि कॉफीचा मग. नक्की बघायचं काय?

तिसरा_गिअर
रुमाल टाकून ठेवतो. आम्हालाही जायचंय.

डोंगरी_मामी
ताकभात, तुझं उत्तर तुझ्याच पोस्टमध्ये आहे. बाबांना रात्री तीनदा उठावं लागतं ना? मग आधी संडास कुठे आहे ते बघ, निसर्ग नंतर.

मी वीस वर्षं पेनसिल्व्हेनियात काढली, दर साल कुठल्या ना कुठल्या स्टेट पार्कात जातोच. तिथे साधारण तीन जाती आहेत. पहिली 'कॅम्पिंग कॉटेज'. लाकडी खोली, पाच जणांना पुरतील असे बंक बेड, दिवा, हीटर, बस्स. पाणी नाही, मोरी नाही. दुसरी 'रस्टिक केबिन'. आत फ्रिज, शेगडी, बहुतेक ठिकाणी फायरप्लेस, पण संडास-अंघोळ बाहेरच्या इमारतीत. तिसरी 'मॉडर्न केबिन'. दोन किंवा तीन झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, संडास आणि शॉवर आतच, हीटरही. तुम्हाला तिसरीच हवी. केओएसारख्या खाजगी कॅम्पग्राउंडवरही हाच घोळ असतो. तिथे 'कॅम्पिंग केबिन' म्हणजे बिनासंडासाची आणि 'डीलक्स' म्हणजे आत सगळं असलेली. एका शब्दाच्या फरकात रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन चालायचं की नाही ते ठरतं.

आणि हो, स्टेट पार्कात मॉडर्न असली तरी चादरी, उशा, टॉवेल, भांडी, ताटं-वाट्या सगळं आपणच न्यायचं. पहिल्या वर्षी आम्ही चौघं एका जॅकेटखाली झोपलो होतो.

फुलपगारी
मामींना अनुमोदन. आमचा अनुभव सांगतो, जागेचं नाव घेत नाही. वर्णनात 'बाथहाऊस जवळच' असं होतं. जवळच होतं, पण चढावर. माझ्या आईने मोजलेली पावलं ४१२. तिला पावलं मोजायची सवय आहे, मला आयुष्यभर ऐकवायचीही. वर दिवा बंद. दुसऱ्या रात्री तिने पाणीच पिणं सोडलं, तेव्हा मात्र मला लाज वाटली.

त्यामुळे फोन करा आणि सरळ विचारा: आमच्या केबिनच्या दारापासून बाथहाऊसच्या दारापर्यंत किती अंतर, मधे पायऱ्या किती, रात्री दिवा असतो का. आणि दाराशी किती पायऱ्या, कठडा आहे का, हेही. फोटोत कठडा कधीच दिसत नाही.

निवांत_६२
मोजून-मापून जाणार असाल तर हॉटेलात जा की. आम्ही कोयनेच्या जंगलात कांबळ्यावर झोपलेली माणसं.

डोंगरी_मामी
निवांतराव, तेव्हा तुम्ही बावीस वर्षांचे होता.

निवांत_६२
हे मात्र खरं.

कंदील
थोडा वेगळा सल्ला. नकाशावर उत्तर पेनसिल्व्हेनियातलं चेरी स्प्रिंग्ज स्टेट पार्क बघा. पूर्वेकडे इतकं काळं आकाश फार कमी ठिकाणी उरलंय. २००८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला. तिथल्या मैदानावर टॉर्चसुद्धा लाल काचेचाच लावतात. मी तिथे आकाशगंगा पहिल्यांदा नीट पाहिली आणि बराच वेळ तिला ढगच समजत होतो. पार्कात स्वतःच्या केबिन नाहीत, आजूबाजूला शोधाव्या लागतील. एडिसनहून मात्र तीन-चार तासांत होणार नाही, पाच धरा.

ताकभात
कंदील, भारी आहे, पण आम्ही पौर्णिमेला चाललोय! पिठुर चांदण्यात तारे कुठून दिसणार?

कंदील
अरे हो. कोजागिरी हा शब्द वाचून माझं डोकं सरळ दुधाकडे गेलं. मग चेरी स्प्रिंग्ज रद्द, ते अमावस्येला. उलट तुम्हाला मोकळी जागा हवी, तळ्याचा काठ असला तर उत्तम. दाट हेमलॉकच्या झाडांखाली केबिन असेल तर चंद्र अकरापर्यंत झाडामागेच राहील.

केळफूल
मोठ्या अडचणीचं कुणीच बोलत नाहीये. ऑक्टोबरची अखेर! ईशान्येतली बरीच खाजगी कॅम्पग्राउंड कोलंबस डेच्या (ऑक्टोबरचा दुसरा सोमवार) आसपास बंद होतात, पाइप गोठू नयेत म्हणून पाणी तोडतात. काही जागा सुरू असतात, पण बाथहाऊसला कुलूप. म्हणजे केबिन मिळते आणि मोरी मिळत नाही. तारखा टाकून 'उपलब्ध' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, त्या तारखांना पाणी चालू आहे का ते विचारा.

दुसरं, डोंगरात तेव्हा मेपल रिकामे झालेले असतात. लाल-केशरी फोटो बघून निघाल तर हाती ओकची तपकिरी पानं येतील. मला स्वतःला ती आवडतात, पायाखाली पापडासारखी वाजतात. पण आई-बाबांना आधीच सांगून ठेवा.

तिसरं म्हणजे टिक. थंडी पडली की गोचीड गेली हा गैरसमज आहे. लाइम हा आजार पसरवणारी काळ्या पायांची मोठी टिक ऑक्टोबर-नोव्हेंबरातच जोरात असते. पँट मोज्यात खोचा. रात्री मुलांचे गुडघ्यामागचे खळगे, काखा, कानामागची जागा, केसांची मुळं बघा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, मीठ, पेटती काडी हे गावठी उपाय नकोत. लाइम पसरायला ती सहसा २४ तासांहून जास्त चिकटून राहावी लागते, म्हणून रोज रात्री बघितलं की बरीचशी काळजी मिटते.

ताकभात
केळफूल, पाण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. एका ठिकाणी पैसे भरायच्या बेतात होते. आत्ता फोन केला, पाणी १५ तारखेला बंद. वाचले.

आता पार्कांची यादी अशी उरली आहे: प्रॉमिस्ड लँड, वर्ल्ड्स एंड, रिकेट्स ग्लेन आणि आमच्याच न्यू जर्सीतलं पार्विन. कुणी राहिलंय का?

कंदील
चारही पाहिलीत. पार्विन सपाट आहे, तळ्याकाठी केबिन, दक्षिण जर्सीत असल्याने थंडी कमी. आईंच्या गुडघ्यासाठी सगळ्यात सोपं. इतिहास मात्र विचित्र आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी-अमेरिकन कुटुंबांना उचलून छावण्यांत टाकलं, तेव्हा त्यांच्या मुलांचं १९४३ मध्ये इथे उन्हाळी शिबिर झालं. पुढच्या वर्षी जर्मन युद्धकैदी आले आणि १९५२ मध्ये युरोपातून निर्वासित झालेले काल्मिक लोक. मी तळ्याकाठी वडा-पाव खात हे वाचलं, घास तसाच राहिला.

प्रॉमिस्ड लँड पोकोनो डोंगरांत, पेनसिल्व्हेनियातल्या तिघांत तुम्हाला सगळ्यात जवळ. तिथल्या बेअर वॉलो वसाहतीतल्या बारा केबिन सीसीसीने बांधल्या. म्हणजे मंदीच्या काळात, १९३३ ते १९४२, रूझवेल्टने बेकार पोरांना जंगलात कामाला लावलं ते. महिना ३० डॉलर पगार, त्यातले २५ परस्पर घरी. पार्कातच त्यांचं छोटं संग्रहालय आहे. देखण्या केबिन, पण रस्टिक.

वर्ल्ड्स एंड नावाप्रमाणेच. दरी अरुंद, फोनला रेंज नाही, ओढ्याचा आवाज रात्रभर. एकोणीस रस्टिक केबिन, बाथहाऊस बाहेर. बाबांसाठी नको.

रिकेट्स ग्लेनला दहा मॉडर्न केबिन आहेत, लेक जीन तळ्याजवळ, वर्षभर चालू. बावीस नावं असलेले धबधबे, सगळ्यात उंच गनोगा, ९४ फूट. १९३०च्या दशकात हे नॅशनल पार्क व्हायचं चाललं होतं, युद्धामुळे पैसा आटला आणि राहिलं. माझं मत विचाराल तर बरं झालं, नाहीतर केबिन मिळाली नसती.

तिसरा_गिअर
रिकेट्स ग्लेनला जाताना ४८७ नंबरचा रस्ता रेड रॉकपासून वर तळ्यापर्यंत भयंकर चढाचा आहे. जड ट्रेलरवाल्यांना पार्कवालेच तिकडून येऊ नका म्हणतात. तुमची मिनिव्हॅन चढेल, उतरताना जपा. आणि धबधब्यांची मोठी वाट आईंना अजिबात नको. सात मैलांहून जास्त आणि दगडी पायऱ्या ओल्या पानांनी तुळतुळीत. त्यांना ११८ नंबर रस्त्यालगतचा अॅडम्स फॉल्स दाखवा. पार्किंगपासून दोन-तीनशे फूट चाललं की ३६ फुटी धबधबा. शेजारच्या एव्हरग्रीन वाटेवर तीनशे वर्षांहून जुने हेमलॉक आहेत, जमेल तेवढं चालायचं आणि मागे फिरायचं.

पिट्सबर्गवाली
जेवणाचं कोण बोलणार? स्वयंपाकघर आहे म्हणून कुकर, पोळपाट, मिक्सर, पाच डब्बे असं सामान भरू नका. पार्कातल्या केबिनमध्ये शेगडी विजेची असली तर फुलके आचेवर फुगत नाहीत, तव्यावरच दाबा. फोडणी देताना आधी दार-खिडक्या उघडा. छत बुटकं, स्मोक अलार्म डोक्यावर. मोहरी तडतडली की तोही तडतडतो.

निवांत_६२
जंगलात जाऊन पोळ्या लाटायच्याच कशाला? दोन दिवस ब्रेड-अंडी खा.

डोंगरी_मामी
निवांतराव, बरोबर बोललात. फक्त हे वाक्य घरातल्या पुरुषांनी निघायच्या आधी म्हणायचं असतं, आणि बाबांना ब्रेड चालत नसेल तर पोळ्याही त्यांनीच लाटायच्या असतात. आमच्याकडे नियम आहे: केबिनमध्ये ओटा पुरुषांचा. पिठलं-भात, कांदा, शेंगदाण्याची चटणी. पोळ्या घरून करून नेतो, तिथे नुसत्या गरम करतो.

पिट्सबर्गवाली
मामी, दंडवत.

फुलपगारी
खाण्यावरून आठवलं. रात्री काहीही बाहेर ठेवू नका, ओसरीवर तर मुळीच नाही. आम्ही कूलर बाहेर ठेवला होता, झाकण बंद करून. रॅकूनने खटका उघडला, चिकनला हात लावला नाही, आंब्याची बर्फी संपवली आणि डबा जवळजवळ धुतल्यासारखा चाटून ठेवला. ऑक्टोबरात अस्वलंही थंडीच्या आधी खा-खा करत असतात. कचरा, कूलर, टूथपेस्टसुद्धा आत किंवा गाडीत.

शेकोटीची लाकडं घरून नेऊ नका, तिथल्या जवळपासचीच विकत घ्या. लाकडाबरोबर किडे प्रवास करतात. न्यू यॉर्कात तर प्रक्रिया न केलेलं सरपण ५० मैलांपलीकडे नेणं बेकायदाच आहे. आपल्या जर्सी-पेनसिल्व्हेनियात लँटर्नफ्लाय नावाच्या किडीचा उच्छाद आहे, २०१४ मध्ये बर्क्स काउंटीत पहिल्यांदा सापडली ती. शरद ऋतूत ती मातकट लेपासारखी अंडी घालते, गाडीच्या बंपरवरसुद्धा. निघताना एक नजर टाका.

केळफूल
आणि थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी किंवा ग्रिल केबिनच्या आत कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतली माणसं उठत नाहीत. हे गमतीत घेऊ नका.

तिसरा_गिअर
पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट पार्कात दारूला बंदी आहे हे कोणीच सांगितलं नाही. म्हणजे आपल्याला काय, दुधाचाच कार्यक्रम आहे. पण आठवण म्हणून.

निवांत_६२
मग तंबूवाला नवरा बरा राहील ना?

मोदकपात्र
एक शंका. तुम्ही शुक्रवार-शनिवार राहणार, पौर्णिमा रविवारी रात्री. शनिवारी चतुर्दशी आहे. चतुर्दशीला कोजागिरी कशी होईल?

ताकभात
सोमवारी शाळा आहे, मोदकपात्र. लक्ष्मीला कळवू का तारीख बदलायला?

कंदील
त्याहून मोठी अडचण. कोजागिरी मध्यरात्रीची आणि तिथे नऊ-दहानंतर क्वाएट अवर्स, म्हणजे आवाज बंद. 'को जागर्ति' असं लक्ष्मीच्या आधी रेंजरच येऊन विचारेल.

(धागा भलतीकडेच चाललाय, थांबतो.)

ताकभात
बुक केलं! रिकेट्स ग्लेन, मॉडर्न, दोन रात्री. उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी पूर्ण आठवडाच घ्यावा लागतो म्हणे, अखेरीच्या ऑक्टोबरात दोन रात्रींवर भागलं. कुणीतरी रद्द केल्यामुळे मिळाली, रोज सकाळी चहाबरोबर साइट उघडून बघत होते. पार्कात शिरायला पैसेही नाहीत. नवरा म्हणाला, तंबू बाहेर लावू का? म्हटलं गाडीत जागा उरली तर. उरली नाही.

तिसरा_गिअर
वृत्तांत टाका. फोटो नसतील तर धागा धरणार नाही.

ताकभात
आलो परत. फोटो नाहीत, लेकीच्या कॅमेऱ्यात फक्त मशरूम आहेत. वृत्तांत घ्या.

शुक्रवारी निघायला उशीर, पोचेपर्यंत अंधार. रेड रॉकपाशी फोनची रेंज गेली. बुकिंगचा कागद छापून नेला होता म्हणून बरं. मग तो ४८७चा चढ. नवरा स्टिअरिंगला चिकटून बसलेला. बाबा मागून एक शब्द बोलले नाहीत. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, तीस वर्षं, त्यातली बरीचशी कुंभार्ली घाटात. वर पोचल्यावर म्हणाले, "चढलास चांगला. उतरताना पहिल्या गिअरला टाक, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस." रविवारी उतरताना ते पुढे बसले. सबंध उतारावर नवऱ्याला गिअर सांगत होते आणि मला सहा महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की बाबा इथे पाहुणे नाहीत.

केबिन छान, उबदार. संडास आत. बाबा रात्री तीनदा उठले, तीनदा झोपले, कुणाला कळलंही नाही. मामी, तुमच्या नावाने एक वाटी दूध जास्त आटवलं.

फोडणीने अलार्म वाजला. खिडक्या उघडल्या होत्या, तरी वाजला. नवऱ्याने पिठल्याला लसूण जरा जास्तच परतला. धाकट्याला वाटलं अस्वल आलं, तो पलंगाखाली. आई हसून हसून खुर्चीत बसल्या. पिठलं करपलं, पण त्याच्यावर कुणीही बोललं नाही, कारण ओटा पुरुषांचा हा नियम मी गाडीतच जाहीर केला होता आणि मोडायची मला अजिबात इच्छा नव्हती.

शनिवारी पहाटे गाडीच्या काचेवर हिमाचा थर. अॅडम्स फॉल्सपर्यंत आई चालल्या, काठी घेऊन, मधे एकदा बसून. एव्हरग्रीन वाटेवर एका हेमलॉकला हात लावून विचारलं, "हे शिवाजी महाराजांच्या वेळचं असेल का?" मी म्हटलं तीनशे वर्षं तरी नक्की. मग त्यांनी त्याला नमस्कार केला. तिथून एक बाई कुत्रं घेऊन चालली होती, तिनेही मान लववली, का ते तिचं तिलाच ठाऊक. शिकारीचे दिवस म्हणून आम्ही सगळे केशरी टोप्यांत होतो, पालखीला निघाल्यासारखे.

लेकीच्या पोटरीवर रात्री एक टिक सापडली, चालत होती, चिकटलेली नव्हती. केळफूल, खूप आभार. नाहीतर बघितलंच नसतं.

रात्री शेकोटीवर दूध. लाकूड पार्काजवळच घेतलं. धूर दुधात गेला, चारोळी विसरले, केशर होतं. चंद्र साडेसातलाच झाडांवर आला, कारण पानंच नव्हती, नुसत्या फांद्या. केळफूल म्हणाली तशी तपकिरी अखेर, पण त्यामुळेच चांदणं थेट अंगणात. नऊनंतर कुजबुजत बसलो. बाबांनी कुंभार्लीतल्या एका रात्रीची गोष्ट सांगितली, ब्रेक गरम झाले म्हणून थांबलेल्या गाडीतले सगळे प्रवासी रस्त्यावर चांदण्यात बसले होते ती. नवऱ्याने ती आजवर ऐकली नव्हती. मुलं साडेनऊला आडवी. आम्ही चौघं अकरापर्यंत.

मोदकपात्र, तुमच्यासाठी: रविवारी रात्री एडिसनला घरी आल्यावर उरलेलं दूध गरम केलं आणि पार्किंग लॉटमध्ये उभ्या-उभ्या खऱ्या पौर्णिमेला दाखवलं. डंपस्टरशेजारी. तिथी पाळली.

चुका: उशा सहा न्यायच्या होत्या, चार नेल्या. आईंना पलंग बुटका वाटला, उठताना हात द्यावा लागला, हे फोनवर विचारायचं राहिलं. धबधब्यांच्या मोठ्या वाटेवर नवरा आणि लेक गेले, दोन धबधबे बघून पायऱ्या निसरड्या म्हणून परत आले. बरोबर केलं.

मोदकपात्र
डंपस्टर चालेल. चंद्र वर होता ना?

डोंगरी_मामी
वाटी पोचली. पलंगाची उंची मीही कधी विचारली नव्हती, आता विचारेन.

निवांत_६२
झकास. गुडघे माझेही सध्या रांगेतच आहेत. ताकभात, दहांतली कुठल्या नंबरची केबिन होती? म्हणजे आम्हीही तीच बघू.

ताकभात
निवांतकाका, नंबर सोडून काहीही विचारा. पुढच्या वर्षी कोजागिरी ऑक्टोबरच्या मध्यावर आहे, पानं असतील तेव्हा. बाबांनी आत्ताच व्हिसाची तारीख बघितलीय.